मेणाचे बगळे

दिंडोशीला लेकाकडं आलो की नातीच्या चित्रांच्या पसाऱ्यात बसतो. परवा तिनं कोऱ्या कागदावर मेणबत्तीनं बगळे काढले, म्हणजे दिसतच नव्हते, आणि वरून निळा रंग फिरवला. मेणावर पाणी ठरत नाही. बगळे पांढरे राहिले. ओल्या रंगावर मीठ टाकलं, चांदण्या पडल्या. जुन्या टूथब्रशनं पाऊस उडवला.

मग हळूच म्हणाली, "आबा, क्लासमध्ये म्हणतात ही चीटिंग आहे. स्पर्धेला द्यायचंय. मेणाचं सांगू का नको?"

जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. तो हातानं राखा नाहीतर मेणानं, राखावाच लागतो. इथं जवळच आरेच्या पाड्यांवर वारली लोक आहेत. त्यांच्या चित्राला कुठला आलाय विकतचा ब्रश! बांबूची काडी चावून कुंचला, अन् तांदळाचं पीठ हाच रंग. २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे ह्याच कलेतले. त्यांना कोण लबाड म्हणेल?

म्हणून मेणात मला खोट दिसत नव्हती. पण "नको सांगू" म्हणायलाही जीभ रेटेना. एका साली भाव चढलेला असताना मी टोमॅटोच्या क्रेटात खाली बारका माल भरला, वर निवडक लावला. व्यापारी काही बोलला नाही. पुढच्या खेपेपासून मात्र माझा प्रत्येक क्रेट उलटा करून बघायचा. हे तिला सांगितलं. लेकाला पण ठाऊक नव्हतं.

तिनं चित्र उलटं केलं आणि मागं पेन्सिलीनं लिहिलं: मेणबत्ती, मीठ, टूथब्रश.