कुंपणाचे आयुष्य

कुंपण कशाचे घालावे असे गवंड्याला विचारले तर तो सिमेंटचा भाव सांगतो, सुताराला विचारले तर लाकडाचा. किती टिकेल हे दोघेही छातीठोकपणे सांगतात. किती टिकावे, हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या बेळगावच्या घरामागची निरगुडीची वई आता विरळ झाली आहे आणि 'एकदाच काय ते पक्के करून टाका' असा मुलाचा पुण्याहून आग्रह आहे. म्हणून हा प्रश्न डोक्यात घोळतो आहे.

पक्के म्हणजे काय, याचा थोडा तपास केला. लाकडी खांब आधी कुजतो तो जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वर खणखणीत आणि खाली भुसा. काटेरी तारेचे आयुष्य तिच्यावरच्या जस्ताच्या मुलाम्याइतके. सिमेंटचा खांब अमर वाटतो. पण सळईवरचा थर पातळ राहिला की पाणी आत पोचते, गंज फुगतो आणि खांब आतूनच उकलतो. जांभ्याची गोष्ट निराळी. खाणीत तो तासता येण्याइतका मऊ, आणि उघड्यावर हवा लागली की कठीण होत जातो. खानापूरपासून खाली गोव्यापर्यंत त्याचे गडगे पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. हिशोबात जांभा जिंकतो. माझी अडचण हिशोबाच्या पुढची आहे.

इंग्रजांनी मिठावरची जकात चुकवली जाऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत एक रेषा आखली होती. तिचा पुष्कळ भाग म्हणजे बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांची काटेरी वई. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात तिथले जकात आयुक्त होते. सुक्या काट्यांऐवजी जिवंत झाडे लावण्यावर त्यांचा भर होता. हजारो माणसे राखणीला होती. १८७९ साली रेषा रद्द झाली, राखण थांबली आणि वई रानात विरून गेली. गरिबाच्या भाकरीवरच्या मिठासाठी घातलेले ते कुंपण अन्यायाचेच होते. पण कारण संपल्यावर ते मागे उरले नाही, एवढे तरी त्याच्या बाजूने म्हणता येईल.

आमच्या वईचे कारण म्हशी होते. म्हशी केव्हाच गेल्या. आताचे कारण चोरांची भीती. मी आज जांभा रचला तर माझी ही भीती पणतूच्या अंगणात उभी राहील, आणि त्याला वाटेल की आजोबा-पणजोबांचे शेजाऱ्याशी काही बिनसले होते.

दुसरी बाजूही खोटी नाही. वई फुगते, सरकते, दोन पिढ्यांत हातभर जमीन गिळते. आणि हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आपण पाहिले आहेत. कुंपणच शेत खाते, असे आपण म्हणतो. कानडीतही तेच, 'बेलिये एद्दु होल मेय्दंते'. म्हणीचा रोख राखणदारावर असला तरी अक्षरशः घेतली तरी ती खरीच ठरते. तेव्हा हद्द पक्की हवी, याबद्दल वाद नाही. पण हद्द वेगळी आणि आडोसा वेगळा. आपण दोन्हींसाठी एकच भिंत बांधतो, आणि मग भिंतीपलीकडचा माणूस दिसेनासा होतो.

आमचे शेजारी कानडी. श्रावण सरला की ते त्यांच्या बाजूने आणि मी माझ्या बाजूने कोयता घेऊन उभे राहतो. पानांआडून ते कानडीत बोलतात, मी मराठीत उत्तर देतो. कामापेक्षा गप्पाच अधिक होतात. भिंतीला अशी छाटणी लागत नाही, हा तिचा मोठा गुण म्हणून सांगतात!

आता मुलगा म्हणेल, तुमच्या तत्त्वाची मजुरी मी का भरू? त्याचे चूक नाही. त्याच्याने दरवर्षी कोयता धरवणार नाही. पण नको वाटले तर वई वाळू द्यायला त्याला मोकळीक राहील. गडगा त्याला पाडावा लागेल, आणि पाडणे म्हणजे काहीतरी जाहीर करणे होते.

मोजणीदाराला बोलावून चार कोपऱ्यांत चार दगड पुरायचे, आणि मधे पावसाच्या तोंडाला जुन्याच निरगुडीच्या फांद्या खोचायच्या, असे मी ठरवले आहे. शेळी तिला तोंड लावत नाही. मुलाला अजून कळवलेले नाही. शेजाऱ्यांना सांगितले. निरगुडीला ते लक्की म्हणतात. 'मास्तर, लक्कीमधे मेंदी पण घाला,' ते म्हणाले, 'नुसती लक्की खालून उघडी पडते.'