पाडलेल्या भिंतीचा हिशेब

जुन्या नाशकातला एखादा वाडा पाडला जातो, तेव्हा त्यातील सागवानी खांब आणि लोखंड यांचे मोल आपण जाणतो. ते विकले जातात. उरलेला राडारोडा मात्र पुष्कळदा रात्रीच्या अंधारात नाल्याकाठी किंवा गोदावरीच्या काठावर लोटला जातो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा मेलेली बकरी पाहून विचारले, की तिचे कातडे उपयोगात का आणले नाही? ती मेलेली आहे, असे उत्तर आले. तेव्हा निषिद्ध आहे ते तिचे खाणे, असे त्यांनी स्पष्ट केले (बुखारी, मुस्लिम). टाकाऊ वाटणाऱ्या वस्तूतला लाभ वाया घालवू नये, हाच यातील बोध होय.

देशाच्या कायद्यानेही २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांत राडारोड्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावरच ठेवली. दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्यास काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, प्लास्टिक व विटा वेगवेगळ्या करणे बंधनकारक झाले. वेगळे केलेले काँक्रीट दळून त्याची खडी होते आणि तिचे पेव्हर ब्लॉक बनतात. तेवढाच डोंगर वाचतो.

वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे. मग वाटेत ती आणून टाकणाऱ्याचे काय? पालिकेचा निरीक्षक रात्री नसेल. अल्लाहपासून मात्र अंधारातले काहीही लपत नाही. घर पाडण्यापूर्वी मलब्याची व्यवस्था ठरवा आणि तो निवडणाऱ्या मजुराला त्याचा मोबदला वेळेवर द्या.

अल्लाह आपणां सर्वांना ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.