ना मूळ, ना पान

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला एक मुलगी होती. शाळा मध्येच सुटलेली, पण काम नेटकं. ज्या बाटलीत बुरशी दिसेल ती कुकरमध्ये वाफवायची, रिकामी करायची आणि धुवायची, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

एक दिवस ती एक बाटली घेऊन मॅडमपुढे उभी राहिली. आत आगरच्या जेलीसारख्या थरावर फिकट, भुसभुशीत गोळा होता.

“मॅडम, बुरशी नाही. पण ना मूळ, ना पान. टाकून देऊ?”

“नको गं. ते तंबाखूचं खोड आहे.”

मुलीला पटेना. तिच्या आजोळी तंबाखू पिकायची. खोड कसं असतं, ते तिला ठाऊक होतं.

मॅडमनी तिला बसवून घेतलं. खोडाच्या गाभ्यातला एक तुकडा त्यांनी बाटलीत ठेवला होता. गाभ्यातल्या पेशींचं विभाजन थांबलेलं असतं. पण साखर, क्षार आणि ऑक्सिन व सायटोकायनिन ही दोन संप्रेरकं मिळाली, तशा त्या पुन्हा विभागू लागल्या. विभागता विभागता खोडाचं काम त्यांनी सोडून दिलं.

“मग आता त्यांचं काय होणार?”

“बघू या.”

मॅडमनी दिव्याच्या ज्योतीवर चिमटा तापवला आणि त्या गोळ्याचे तीन तुकडे केले. तिन्ही बाटल्यांत साखर तीच, क्षार तेच. एकीत सायटोकायनिन जास्त, दुसरीत ऑक्सिन जास्त, तिसरीत दोन्हींचं प्रमाण पूर्वीसारखंच. मुलीने चिठ्ठ्या चिकटवल्या.

ती रोज डोकावत राहिली. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग पहिल्या बाटलीतला तुकडा हिरवट झाला, त्यावर उंचवटे आले आणि उंचवट्यांतून इवली पानं निघाली. दुसरीत पांढरी, दोऱ्यासारखी मुळं फुटली. तिसरीतला गोळा फक्त मोठा झाला.

“मॅडम, तिन्ही तुकडे एकाच गोळ्याचे ना? मग पानं कुठून आली?”

“पानं आत नव्हती. पान कसं करायचं, ते आत होतं.”

हा प्रयोग विस्कॉन्सिनमध्ये स्कूग आणि मिलर यांनी 1957 साली मांडला होता, असं मॅडमनी सांगितलं. दुसऱ्याच वर्षी कॉर्नेलमध्ये स्टुअर्ड यांनी गाजराच्या पेशी नारळाचं पाणी घातलेल्या द्रावात वाढवल्या आणि त्यांपासून गाजराची अख्खी रोपं मिळवली. नारळपाण्याचं ऐकून मुलगी हसली. मग तिने विचारलं, “माणसाचंही असंच होतं?”

“तितकं सोपं नाही. प्राण्यांच्या पेशी आपलं काम घट्ट धरून बसतात. कापलेल्या बोटातून माणूस उगवत नाही.”

पण इंग्लंडमध्ये गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात ठेवलं. बहुतेक अंडी वाया गेली, थोड्यांतून पोहणारी पिल्लं निघाली. हे 1962 सालचं. 2006 मध्ये जपानच्या यामानाका यांनी फक्त चार जनुकं घालून उंदराच्या पेशी पुन्हा कोवळ्या अवस्थेत नेल्या. 2012 साली दोघांना मिळून नोबेल मिळालं.

आपण सगळे एकाच फलित पेशीपासून वाढलो. मेंदूतल्या आणि स्नायूतल्या पेशीपाशी पोथी एकच असते. प्रत्येकीने आपला अध्याय उघडलेला असतो, उरलेले मिटलेले असतात, पण फाडलेले नसतात. कुठला अध्याय उघडायचा ते शेजारी कोण आहे, कुठला रेणू किती पोचतो, यावरून ठरत जातं. कुणाला ‘याचं काही व्हायचं नाही’ म्हणण्याआधी त्याच्या वाट्याला आजवर काय आलं, ते विचारायला हवं.

पुढच्या आठवड्यात हिरवे कोंब ऑक्सिनच्या बाटलीत हलवायचे होते. मॅडमनी चिमटा मुलीच्या हातात दिला. पहिले दोन कोंब मोडले. तिसरा नीट बसला, आणि चिठ्ठीवर मॅडमनी तिला तिचं नाव लिहायला सांगितलं.