गाडीस कुलूप लावावे काय?



पायी चालणाऱ्या वारकऱ्याला मोटारीची चिंता कशाला, असे कोणी सहज म्हणेल. परंतु आजच्या दिंडीकडे पाहा. पुढे टाळ-वीणा चालतात आणि मागून सामानाचा ट्रक येतो, पाण्याचा टँकर येतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी जीप येते. गावोगावच्या भाविकांच्या दारी आता स्वतःची मोटार उभी असते. तेव्हा ह्या महिन्यात जो प्रश्न घेतला आहे तो घरचाच आहे. वर्गणी काढून घेतलेल्या जीपला चोरी रोखणारे यंत्र बसवावे काय, ह्यावर एका फडात दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, "माउली, ज्याने दिली तो सांभाळील, यंत्र बसवणे म्हणजे देवावर अविश्वास." दुसरा म्हणाला, "बसवायला हरकत नाही, पण पैसे फुकट जातील. चोराला कुठले कुलूप अडवते?" पहिला आक्षेप श्रद्धेचा, दुसरा व्यवहाराचा. दोन्हींची उत्तरे निराळी आहेत, म्हणून त्यांचा विचार निराळा केला पाहिजे.

प्रथम श्रद्धेचा आक्षेप. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्ताचा योगक्षेम आपल्या अंगावर घेतला आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. भाष्यकारांनी ह्या शब्दाची फोड केली आहे ती अशी की, जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग आणि जे मिळाले त्याचे रक्षण हा क्षेम. आता पूर्वपक्षी म्हणतो, क्षेम देवाकडे आहे, मग माझ्या हाती कुलूप कशाला? अहो, मग योगही देवाकडेच आहे! तरी आपण पेरणी करतोच ना? पेरणी सोडून बांधावर बसून राहिलेल्या शेतकऱ्याला कोणी भक्त म्हणत नाही. योगाच्या बाबतीत हात हलवायचे आणि क्षेमाच्या बाबतीत हात बांधायचे, हा अर्धजरतीय न्याय झाला. अर्धी म्हातारी आणि अर्धी तरुण अशी बाई जगात नसते. पीक उभे राहिले की कुंपण घालतो, माळा बांधून रात्री राखण करतो. त्याला कोणी नास्तिक ठरवत नाही. तो जागा राहतो त्या जागण्याच्या रूपानेच देवाने राखण केली, असे त्याने मानावे. कुलूप हे निमित्त आहे. निमित्ताचा त्याग केल्याने भक्ती वाढत नाही, आळसाला मात्र चांगले नाव मिळते.

आता व्यवहाराचा आक्षेप. कुलूप खरोखर चोराला अडवते काय? ह्याचे उत्तर तर्काने देण्याचे कारण नाही, देशोदेशींचा अनुभव पुढे आहे. पश्चिम जर्मनीत १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जुन्या-नव्या सर्व मोटारींना स्टिअरिंग लॉक सक्तीचे झाले, आणि तेथील मोटारचोरी झपाट्याने उतरली. इंग्लंडात हाच नियम १९७१ साली फक्त नव्या गाड्यांना लागू केला. मग झाले काय? नव्या गाड्या वाचल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. कुलूप तेच, चोरही तशाच स्वभावाचे. फळ मात्र दोन ठिकाणी वेगळे. हा भेद ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडेल.

पुढे इमोबिलायझर नावाची युक्ती आली. ह्यात किल्लीच्या मुठीत एक बारीक चिप असते. किल्ली फिरवली की गाडी त्या चिपेला ओळख विचारते. ओळख पटली तरच इंजिन चालू होते. वायरी तोडून व जोडून गाडी पळवण्याची जुनी विद्या येथे चालत नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हे यंत्र सक्तीचे केले. नेदरलँड्समध्ये दोन अभ्यासकांनी १९९५ ते २००८ ह्या वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा ह्या नियमाने गाडी चोरीस जाण्याचा संभव सरासरीने निम्म्यावर आला असे दिसले. यंत्र नसलेल्या गाड्यांकडे वळलेल्या चोऱ्याही त्यांनी ह्या हिशेबात धरल्या होत्या. एक चोरी टाळण्यास खर्च आला सुमारे १,५०० युरो. चोरीला जाणाऱ्या गाडीच्या मानाने तो थोडाच.

उलट बाजूचा दाखलाही आहे. अमेरिकेत असा कायदा नव्हता. तेथे ह्युंदाई आणि किया ह्यांच्या कित्येक गाड्या ह्या यंत्रावाचून विकल्या गेल्या. २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या शंभरांतील ९६ गाड्यांना ते यंत्र होते, ह्या दोघांच्या शंभरांतील केवळ २६ गाड्यांना होते. २०२१-२२ मध्ये पोरासोरांनी मोबाइलवर एकमेकांना युक्ती दाखवली आणि यूएसबी केबलच्या टोकाने त्या गाड्या पळवण्याचा खेळच मांडला. त्या धुडगुसात अपघात होऊन जीवही गेले. म्हणजे थोडक्या पैशांची कसर पुढे माणसांच्या प्राणांवर बेतली. तेव्हा 'कुलूप निरुपयोगी' हे म्हणणे टिकत नाही.

परंतु म्हणून कुलूप सर्वसमर्थ आहे असेही नव्हे. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकात शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर आहे. भिंतीला भगदाड पाडताना मापाची दोरी विसरली म्हणून तो गळ्यातील जानव्यानेच माप घेतो! पवित्र वस्तूही हात बदलला की चोराचे हत्यार होते. आजही तेच आहे. हरवलेल्या किल्लीऐवजी नवी किल्ली बनवण्याचे यंत्र कारागिरासाठी केले, ते चोराने घेतले आणि मालकाच्या गाडीची दुसरी किल्ली काही मिनिटांत बनवू लागला. जवळ गेल्याबरोबर दार उघडणारी किल्ली निघाली, तर चोर जोडीने येऊ लागले. एक घराच्या भिंतीशी उभा राहून आत ठेवलेल्या किल्लीची लहर पकडतो, दुसरा ती गाडीशी पोहोचवतो. गाडीला वाटते मालकच आला. (त्यावर उपाय साधा आहे: किल्ली धातूच्या झाकणबंद डब्यात ठेवावी.)

ह्याहून गंभीर गोष्ट कॅनडात घडली. तेथे २००७ पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर सक्तीचे आहे. तरी २०२२-२३ मध्ये चोऱ्या इतक्या वाढल्या की २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने ओटावा येथे ह्याच विषयावर राष्ट्रीय परिषद भरवली. गाड्या चोरून मॉन्ट्रियलच्या बंदरातून परदेशी रवाना होत. यंत्र फोडता येत नाही तेथे काही चोर किल्लीसाठी थेट घरात शिरू लागले. टोरंटोत आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांनी हे जवळून पाहिले आहे. तेथील एका पोलीस अधिकाऱ्याने लोकांना सांगितले की, किल्ली पुढच्या दाराशीच ठेवा, म्हणजे चोर आत येऊन अंगावर हात टाकणार नाही. ह्या सल्ल्यावर फार टीका झाली. पण त्यातील अर्धा भाग खरा आहे, आणि तो असा की गाडीपेक्षा माणूस मोठा. कुलूप कितीही लावा, परंतु समोर शस्त्र आले तर किल्ली टाकून द्यावी. तेथे शौर्य दाखवणे म्हणजे क्षेमाच्या मोहात क्षेत्रच गमावणे होय.

आता जो भेद ध्यानात ठेवावयास सांगितला त्याकडे वळू. माझ्या गाडीला ठळक कुलूप दिसले आणि चोर शेजाऱ्याच्या गाडीकडे गेला, तर मी चोरी थांबवली की फक्त तिची दिशा बदलली? इंग्लंडात तेच झाले होते. मग असे कुलूप लावणे हे पाप काय? माझ्या मते नाही. चोरीचा कर्ता चोर आहे. मी दार लावले म्हणून शेजाऱ्याचे दार मी फोडले असे होत नाही. तरी एवढ्यावर मन स्वस्थ होऊ नये. कारण ह्याच विषयात दुसऱ्या प्रकारचे यंत्रही आहे आणि त्याचा गुण विलक्षण आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ साली लोजॅक नावाचे यंत्र आले. ते गाडीत लपवलेले असते. बाहेर पाटी नाही, खूण नाही. गाडी चोरीस गेली की ते आपला ठावठिकाणा पोलिसांना कळवते. एअर्स आणि लेव्हिट ह्या दोन अभ्यासकांनी १९९८ साली ह्याचा शोध प्रसिद्ध केला. कोणत्या गाडीत यंत्र आहे हे चोराला कळत नाही, म्हणून तो सगळ्याच गाड्यांना भितो. शहरातील एकंदर चोरी घटते. यंत्र बसवणाऱ्याला स्वतःला मिळणारा लाभ एकूण लाभाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. उरलेला लाभ ज्यांनी छदामही खर्चला नाही त्यांच्या पदरी पडतो! सांगा पाहू, ह्याला काय म्हणावे? आपण ह्याला गुप्तदान म्हणतो. दिसणारे कुलूप स्वार्थाचे, तेही धर्म्यच; पण लपलेले यंत्र स्वार्थातून परार्थ साधते. तेव्हा खर्च एकाचाच परवडत असेल तर लपलेल्या यंत्राकडे भाविकाचा कल असावा. आणि सर्वांना एकच नियम लागू असेल, जसा जर्मनीत होता, तर शेजाऱ्याकडे चोर ढकलण्याचा प्रश्नच उरत नाही. दिंडीच्या तळावर दहा गाड्या असतील तर एकाच गाडीला भारी यंत्र बसवण्यापेक्षा दहांनी मिळून एक राखणदार नेमावा, पाळीपाळीने जागावे. गाऱ्हाणे एकाचे, जागरण सगळ्यांचे, ही आपली जुनीच रीत आहे.

'परवडते का' ह्याचाही हिशेब सांगतो. मोटारीचा जो विमा कायद्याने सक्तीचा आहे तो दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असतो. गाडी चोरीस गेली तर त्यातून एक पैसा मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो, आणि तोही गाडीची घटलेली किंमत देतो, नव्या गाडीची नव्हे. मान्यताप्राप्त चोरीरोधक यंत्राबद्दल आपल्याकडील मोटार दरपत्रकात स्वनुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के सूट ठेवली होती, जास्तीत जास्त ५०० रुपये. एवढ्या सुटीसाठी कोणी यंत्र घेऊ नये. गाडीची किंमत, ती रात्री कोठे उभी राहते, आणि ती गेल्यास कोणाचे काम अडते, हे पाहून घ्यावे. जुनी, घरच्या अंगणात उभी राहणारी गाडी असेल तर स्टिअरिंगला वा गिअरला लावायचे साधे कुलूप पुरे. नुसता ओरडणारा सायरन मात्र फारसा कामाचा नाही. तो उगाच इतक्यांदा ओरडतो की खऱ्या वेळी कोणी मान वळवत नाही.

यंत्राच्याही आधी सावधपणा लागतो, आणि त्याला खर्च नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रकच्या प्रकरणात निर्णय दिला. चालक पत्ता विचारण्यास खाली उतरला, किल्ली गाडीतच राहिली आणि ट्रक गेला. विमा कंपनीने दावा नाकारला होता. न्यायालयाने ७५ टक्के रक्कम मान्य केली. मला ह्यात धर्मशास्त्राचाच न्याय दिसतो. अपराध चोराचा खरा, पण चवथा हिस्सा प्रमादाचा. आणि प्रमादाचे फळ प्रमाद करणाऱ्याने भोगावे. दर्शनाच्या ओढीने गाडीला किल्ली तशीच ठेवून जाणाऱ्यांनी हे मनात धरावे. गाडी गेलीच तर प्रथम पोलिसांत फिर्याद, लगेच विमा कंपनीला खबर, आणि दोन्ही किल्ल्या जपून. कारण कंपनी त्या मागते.

आता मुख्य सिद्धान्त. पुन्हा मृच्छकटिकाकडे येऊ. शर्विलकाने चारुदत्ताच्या घरातून जे दागिने नेले ते चारुदत्ताचे नव्हतेच. ते वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले न्यास होते. राखणारा मैत्रेय झोपेत बरळला आणि आपल्याच हाताने दागिन्यांचे गाठोडे चोराच्या स्वाधीन केले! सर्वस्व गेले तरी न डगमगलेला तो उदार चारुदत्त येथे मात्र व्याकूळ होतो, कारण गेले ते दुसऱ्याचे. गरिबाचे म्हणणे आता कोण खरे मानील, ही त्याची चिंता. शेवटी त्याची पतिव्रता स्त्री धूता आपली रत्नमाला काढून देते आणि ठेवीची भरपाई होते.

ह्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. वस्तू माझी असेल तर तिच्याविषयी उदास राहण्याचा मला अधिकार आहे. जाईल तर जावो म्हणणे हे वैराग्य होईल. परंतु वस्तू न्यास असेल तर तेच शब्द बेपर्वाई ठरतात. फडाची जीप ही बाराशे घरांच्या पाच-दहा रुपयांची असू शकेल. कोणा विधवेने चार कोंबड्या विकून दिलेली वर्गणी तिच्यात असेल. दुसऱ्याच्या मालावर वैराग्य दाखवण्याचा अधिकार विश्वस्ताला नाही. बँकेचे कर्ज फिटायचे असेल ती घरची गाडीही काही अंशी न्यासच आहे, आणि जिच्यावर मुलाबाळांची भाकरी अवलंबून आहे ती रिक्षा तर पूर्णच. म्हणून त्या फडाला माझे सांगणे असे की, यंत्र बसवावे, लपलेले बसवावे, आणि खर्च वहीत उघड लिहावा.

मात्र कुलपालाही मर्यादा आहे. कुलूप लावल्यावर मन मोकळे झाले तर कुलपाने काम केले. कुलूप लावूनही कीर्तनात बसलेल्याचे ध्यान मोबाइलवरील गाडीच्या ठिपक्याकडेच राहिले, तर गाडी जाग्यावर आहे आणि मालकच चोरीस गेला! अस्तेयाचा यम चोराला सांगितला तसा अपरिग्रहाचा यम मालकाला सांगितला आहे; एकाच सूत्रात दोघेही बसले आहेत. यथाशक्ति रक्षण करावे आणि तेवढ्यावर थांबावे. त्यानंतरही गेली, तर विश्वस्ताला सर्वांपुढे ताठ मानेने हिशेब देता येईल आणि भक्ताला रात्री झोप येईल.

रामकृष्णहरि.