सर्वांनी मिळून केलेला अपराध कोणाचा?

शंभर माणसांनी एका विहिरीत रोज एकेक मूठ घाण टाकली आणि वर्षाअखेरीस विहीर नासली, तर दोष कोणाचा? प्रत्येकजण म्हणणार, ‘माझी तर एकच मूठ. एका मुठीने का कुठे विहीर नासते?’ एकेकाचे म्हणणे ऐकावे तर खरे वाटते. पण विहीर नासली आहे, आणि तिचे पाणी पिणारी माणसे आजारी पडली आहेत. मग कार्य घडले आणि कर्ता कोणीच नाही, असे म्हणायचे की काय? कर्त्यावाचून कार्य न्यायशास्त्राला मान्य नाही. धर्माला ते कसे मान्य व्हावे?

सज्जनहो, आज ही विहीर म्हणजे पृथ्वीभोवतीची हवा आहे. कोळसा व तेल जाळून, अरण्ये तोडून राष्ट्रे तीत आपापली मूठ टाकीत आली. त्याने पृथ्वी तापते आहे, आणि तो ताप आधी भोगतात ते, ज्यांची मूठ सर्वांत लहान. पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा सुमारे ८० बेटांचा देश आहे. वस्ती ३ लाखांच्या आसपास. अळकुड्या, कोनफळे, केळी लावावीत, मासे धरावेत, असा तेथील बहुतेकांचा संसार. मार्च २०१५ मध्ये तेथे ‘पाम’ चक्रीवादळ आले. मार्च २०२३ मध्ये तर एकाच आठवड्यात दोन वादळे आली. वादळे पूर्वीही येत, हे खरे. पण समुद्र तापला म्हणजे वादळाला बळ चढते, आणि समुद्राची पातळी चढली म्हणजे लाट आणखी आत शिरून जमीन खारवते. या लोकांनी दाद कोणाच्या दारी मागावी?

२०१९ साली तेथील कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी ठरविले की, जगाच्या न्यायसभेलाच हा प्रश्न विचारावा. वानुआतूच्या सरकारने तो उचलून धरला. २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने तो हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठविला, आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायाधीशांनी एकमुखाने आपले मत दिले. त्याचे सार असे: हवामान राखणे हे राष्ट्रांचे कर्तव्य आहे, मर्जीचा भाग नाही. निरोगी परिसरावाचून माणसाला आपले इतर हक्क भोगता येत नाहीत. कर्तव्य मोडणाऱ्या राष्ट्राने ते मोडणे थांबवावे. आणि त्यामुळेच नुकसान झाले असे सिद्ध झाल्यास भरपाई द्यावी. विहिरीच्या प्रश्नाचेही उत्तर यात आले आहे. अनेकांनी मिळून केले म्हणून एकेकाची जबाबदारी बुडत नाही. कोणाची मूठ किती, हे शास्त्राने मोजता येते.

आता यावर शंका निघतात. त्यांचा परामर्श घेऊ.

पहिली शंका: ‘पूर्वजांनी अजाणता केले, त्याचा दोष आम्हांस का?’ अजाणता घडलेल्या दोषाला प्रायश्चित्त हलके, हे धर्मशास्त्रातही आहे. पण अजाणतेपण संपले केव्हा? जगातील शास्त्रज्ञांच्या मंडळाने हवामानबदलावरचा पहिला अहवाल १९९० साली दिला. १८५० ते २०१९ या काळात माणसाने हवेत सोडलेल्या कर्बवायूपैकी शेकडा सुमारे ४२ भाग १९९० नंतरच्या तीस वर्षांतला आहे. म्हणजे जवळजवळ निम्मी घाण जाणून-उमजून टाकलेली. तिला अज्ञानाची सबब कशी चालेल?

दुसरी शंका शेतीची. २०१९ साली जगातील तापकारी वायूंपैकी शेकडा २२ भाग शेती, जंगलतोड व जमिनीचा वापर यांतून आला. पाण्याने भरलेल्या भातखाचरातून आणि गुरांच्या रवंथातून मिथेन वायू निघतो. ‘मग पेरायचे नाही की काय?’ अहो, पोटासाठी पेरणे आणि मांसाच्या व्यापारासाठी ॲमेझॉनचे अरण्य तोडून कुरणे करणे, ही दोन्ही एका तागडीत कशी घालावीत? पॅरिसच्या २०१५ च्या कराराच्या प्रस्तावनेतच अन्नसुरक्षा जपण्याची गोष्ट घातली आहे. खाचर मधूनमधून सुकू दिले तर मिथेन कमी होतो. पण त्यासाठी पाणी वेळेवर मिळाले पाहिजे. ती सोय शेतकऱ्याला करून न देता नुसता उपदेश करणे हा अन्याय आहे.

वाहतुकीत तर ‘माझी मूठ नव्हे’ हे म्हणणे फारच सोयीचे झाले आहे. मालाचे जहाज एका देशाचे, निशाण दुसऱ्याचे, माल तिसऱ्याचा, गिऱ्हाईक चौथा. भर समुद्रात निघालेला धूर कोणाच्या खात्यावर मांडावा? जगातील तापकारी वायूंत शेकडा सुमारे ३ भाग जहाजांचा. तरी पॅरिसच्या करारात जहाजांचे नावही नाही. त्यांचे काम लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे. तिने एप्रिल २०२५ मध्ये धुरावर आकार बसविण्याची योजना संमत केली, आणि ऑक्टोबरमध्ये ती पक्की करण्याचे काम एक वर्ष पुढे ढकलले. वर्ष सभेला लहान. बेटावरच्या माणसाला ते लहान नाही.

चौथी शंका आपल्या घरची. ‘श्रीमंतांनी बिघडविले, आम्ही का सोसावे?’ रिओच्या १९९२ च्या करारात तत्त्व आहे की, कर्तव्य सर्वांचे, पण ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे व दोषाप्रमाणे कमीअधिक. आपल्या शास्त्रकारांचा अधिकारभेद तो हाच. हिंदुस्थानात माणशी धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. म्हणून आधी मोठ्यांनी भरावे, हे भारताचे हेगमधील म्हणणे न्याय्यच आहे. पण देशाचा एकूण वार्षिक धूर पाहता आपण तिसरे आहोत. अधिकारभेदाने कर्तव्य हलके होते, नाहीसे होत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितले आहे की, हवामानबदलाच्या घातक परिणामांपासून मुक्त असणे हा नागरिकाचा हक्क आहे. हक्क आपला आणि कर्तव्य तेवढे दुसऱ्याचे, असा धर्म कोठे सांगितला आहे?

शेवटची शंका: ‘हेगच्या मताला दंड कोठे आहे?’ नाही, हे खरे. ते सल्ल्याचे मत आहे. पण जगात किती कर्तव्ये दंडाने पाळली जातात? बाप मुलाला वाढवितो तो शिपाई दाराशी उभा आहे म्हणून नव्हे. कर्तव्याला आधी कर्तव्य म्हणून नाव पडावे लागते, मग मागणाऱ्याला तोंड फुटते. आजवर वानुआतू दया मागत होता. आता तो देणे मागतो आहे. देणे मागणाऱ्याला भीक घालून परत पाठविता येत नाही.

म्हणून सरकारी सभांत करार होतील ते होवोत; ते शेतीला, गाड्या-जहाजांना आणि माणसाच्या हक्कांना एका हिशेबात धरतात की नाही, हे आपण वाचीत व विचारीत राहावे. आणि आपल्यापुरते, ‘माझी एकच मूठ’ हे वाक्य तोंडी आले की, ते पाणी कोण पितो याचा विचार करून मग ते बोलावे.