जिभेचा गुरू

अवधूतांनी यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंत मासाही आहे. गळाच्या आमिषापायी तो जीव गमावतो. जीभ जिंकली नाही तोवर माणूस जितेंद्रिय नव्हे, असे भागवताचा अकरावा स्कंध सांगतो.

मला मधुमेह होऊन बारा वर्षे झाली, त्यामुळे हा गुरू जवळचा वाटतो. आम्ही बँकवाले. उपाशीपोटीची साखर ही त्या दिवसाची शिल्लक, तर एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांचा खातेउतारा. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून तो सुधारत नाही हो!

उपवासाला चालतो म्हणून साबुदाणा, बटाटा ताटभर खाल्ला तर साखर चढते. गोळी किंवा इन्शुलिन घेऊन निराहार राहिलो तर ती ७०च्या खाली जाऊन घाम सुटतो, हातपाय थरथरतात. महाराजांच्या दारी भोवळ येऊन पडण्यात कसली भक्ती? जयंतीच्या उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे, मनानेच गोळी सोडू नये.

जेवणानंतर शतपावली, रोज अर्धा तास चालणे ठेवावे. पेढा कणभर घ्यावा, उरलेला नातवंडांना द्यावा. कणभर प्रसादही पूर्णच असतो. पुढल्या मार्गशीर्ष पौर्णिमेला पालखीमागे आपल्याच पायांनी चालायचे आहे ना?

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!