शेवटच्या गटाचा न्याय

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा प्रत्येक टप्पा विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त उशीर न करता पुरा करावा लागतो. उशिराची ही सवलत टप्पा किती अवघड आणि विजेत्याचा सरासरी वेग किती, यावर ठरते. ती ओलांडणारा शर्यतीतून बाद होतो.

ही अट सर्वांत जाचते ती स्प्रिंटरला. सपाट रस्त्यावर अखेरच्या दोनशे मीटरांत बाजी मारून देणारे त्याचे भक्कम शरीर आल्प्स-पिरेनीजच्या चढावर ओझे होते. म्हणून पहिल्याच मोठ्या घाटात मागे पडलेले एकत्र येतात. या गटाला ‘ग्रुपेटो’ म्हणतात. आदल्या दिवशी जिंकण्यासाठी कोपराला कोपर भिडवणारे इथे आळीपाळीने पुढे राहून एकमेकांसाठी वारा अडवतात. चढ एका लयीत चढायचा आणि गमावलेली मिनिटे उतारावर व दरीतल्या सपाटीवर भरून काढायची, अशी त्यांची रीत. विजेता अजून पोहोचलेला नसतो, त्यामुळे मर्यादेचा नेमका आकडा कोणालाच ठाऊक नसतो. हिशेब सांभाळायला मुरलेला माणूस लागतो. ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशसाठी हे काम ऑस्ट्रियाचा बर्नहार्ड आयझेल अनेक वर्षे करत असे.

संख्येचे बळ मात्र वाऱ्यापुरते उरत नाही. 2011 मध्ये गालिबिएच्या टप्प्यावर कॅव्हेंडिशसह तब्बल 88 जण मर्यादेबाहेर पोहोचले. इतक्यांना काढले तर शर्यतच अर्धी होणार, म्हणून पंचांनी त्यांना ठेवले. हिरव्या जर्सीच्या स्पर्धेतले कॅव्हेंडिशचे 20 गुण तेवढे कापले. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझला पुन्हा तेच घडले, तरी पॅरिसमध्ये हिरवी जर्सी त्यालाच मिळाली. 2018 मध्ये ला रोझिएरला तो मर्यादेबाहेर गेला तेव्हा पाठीशी असा जथा नव्हता, आणि तो बाद झाला. पंचांची व्यवहारी अडचण खरी आहे, पण एकट्याला लागू होणारा नियम जमावापुढे वाकतो, हेही तितकेच खरे. एकाच माणसाने दोन्ही निकाल भोगले.

2021 च्या तीन्येच्या टप्प्यावर हा नियम फार कठोर ठरला. टूरमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी खेळाडू निक द्लामिनी पडला, मागे एकटा राहिला. मर्यादा केव्हाच उलटली होती, पण त्याने सायकल सोडली नाही. विजेत्यानंतर तासाहून अधिक वेळाने त्याने रेषा गाठली. ती धडपड आदराला पात्र होती, निकालात मात्र तिला जागा नव्हती. त्याच दिवशी कॅव्हेंडिश दोन मिनिटांहून कमी फरकाने वाचला आणि पुढे त्याच शर्यतीत त्याने एडी मर्क्सच्या 34 टप्पाविजयांच्या विक्रमाची बरोबरी केली. फ्रेंच स्प्रिंटर आर्नो देमार बाद झाला. अंतिम धावेत त्याला वाट करून देणारा संघातला साथीदार याकोपो ग्वार्निएरी हाही त्या दिवशी मर्यादेबाहेर राहिला आणि त्याचीही शर्यत तिथेच संपली.